नंबर तोच, कंपनी दुसरी

बाबा, आज तुमचा फोन नंबर कंपनी बदलतोय. घाबरू नका, नंबर तोच राहणार आहे, एक आकडासुद्धा इकडचा तिकडे होणार नाही. फक्त आजपासून तो दुसऱ्या कंपनीकडे नांदायला जाणार. मी ऑफिसला सुट्टी टाकलीये आणि सकाळपासून अंधेरीच्या माझ्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसलेय. चहा केला, तो कधीचाच गार झालाय. गावाला आईचा नंबर लावला की रोज 'कव्हरेजबाहेर' ऐकू येतं, आज सकाळी 'सेवेत नाही' ऐकू आलं आणि तो बंद पडल्याचा मला इतका आनंद झाला की मी तुमच्या जावयाला त्याच्या ऑफिसात फोन करून ओरडले, "अरे बंद झाला! आईचा नंबर बंद झाला!" तो बिचारा म्हणाला, "मग एवढी खूश कशाला होतेस?" त्याला मी किती वेळा समजावलं होतं, पण ऐकतोय कोण! कंपनी बदलताना आधी जुनी बंद होते, मग काही तासांनी नवी चालू होते. मधल्या वेळात नंबर धड ह्यांचा नसतो धड त्यांचा. तर आत्ता तो मधला वेळ चाललाय, आणि माझ्याने एका जागी बसवत नाहीये. खिडकीशी जाते, परत येते, फोन उलटा करून बघते. म्हटलं त्यापेक्षा तुम्हाला लिहावं. ह्या सगळ्या खटाटोपाची सुरुवात तुम्हीच तर करून ठेवलीत.

आठवतंय ना, रिटायर होऊन गावाला निघालात त्या आठवड्यातली गोष्ट. स्टेशनजवळच्या दुकानातून तुम्ही तो राखाडी रंगाचा बटणांचा फोन घेऊन आलात. कारखान्यात मोठ्या साहेबाकडे असायचा तसला. आल्या आल्या देवापुढे ठेवलात, त्याला हळदकुंकू वाहिलंत आणि आईला म्हणालात, "ह्यो तुझो." आई पदराला हात पुसत पुसत मागे सरकली, जणू काही तुम्ही तिच्या हातात साप देताय. फोन तिचा, पण कागदावर नाव मात्र तुमचं. तेव्हा घरातलं सगळंच तुमच्या नावावर असायचं, रेशनकार्डापासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नसे. मग मी गॅलरीतून फोन लावला आणि आईने स्वयंपाकघरात उचलला. मधे एक भिंत. आई "हॅलो" म्हणाली ते मला फोनमधून पण ऐकू आलं आणि भिंतीतून पण, आणि तुम्ही मधल्या दारात उभे राहून खो खो हसत होता.

आणि गावाला गेल्यावर काय? शून्य! घरात रेंज नाही, खळ्यात नाही, मागीलदारी नाही, देवळाकडे नाही. दुसरा कुणी असता तर फोन कपाटात ठेवून मोकळा झाला असता. तुम्ही मात्र आरतीचं तबक धरावं तसा तो फोन दोन्ही हातांनी वर धरून गावभर फिरलात. लोक हसायचे म्हणे. शेवटी घरामागची घाटी चढून वरच्या माळावर, सड्यावर गेलात, आणि तिथे कड्याच्या टोकाशी जो काळा सपाट दगड आहे ना, त्याच्यावर उभे राहिलात तर दोन दांड्या! मला तो फोन अजून ऐकू येतो. मी ऑफिसात होते. नुसतं वारं आणि वाऱ्यामागे तुम्ही, "सापडली गो! रेंज सापडली!" मी आजूबाजूच्यांना सांगितलं, माझ्या बाबांनी रेंज शोधून काढली. त्यांना काही कळलं नाही, पण मी दिवसभर मिरवत होते. पुढे सगळा गाव त्या दगडावर जाऊन मुंबईला फोन करायला लागला. तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण त्या दगडाला लोक अजून तुमच्याच नावाने ओळखतात. परवा एक नवीन लग्न होऊन आलेली सून मला म्हणाली, मी त्यांच्या दगडावरून बोलतेय. तिने तुम्हाला बघितलेलंसुद्धा नाही.

तर तुमच्या मागे आई रोज संध्याकाळी दिवाबत्ती व्हायच्या आधी ती घाटी चढायची, त्या दगडावर बसायची आणि मला फोन करायची. तुम्हाला काय सांगू, बाबा, ते बोलणं म्हणजे काय असायचं! दगडावर आधीच कुणी ना कुणी बसलेलं. एक जण दुबईला ओरडतोय, एक जण डोंबिवलीला. वारा असा की कानाला पदर गुंडाळून बसायचं. त्यात आई तिकडून ओरडणार, "हॅलो! बरी आसंय! जेवलंय! तू जेवलंस? बरा! ठेव!" झालं. एवढं बोलायला ती एवढा चढ चढून यायची. मी विचारलं, आई गुडघा कसा आहे, की म्हणणार, "बरो आसा!" कारण बाजूला चार माणसं कान टवकारून बसलेली. त्यांच्यादेखत कोण सांगणार दुखतंय म्हणून? रात्रीच्या आत गावभर झालं असतं.

मला त्यावरून तुमचा कारखाना आठवायचा. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला, जिथे तुम्ही बाटल्यांची झाकणं बनवायचात. गिरणी बंद झाल्यावर तुम्हाला मिळालेलं ते काम, पण मला त्याचं केवढं कौतुक होतं! लाल, पिवळी, निळी झाकणं, सगळीकडे नुसती झाकणं. शनिवारी शाळा सुटली की मी डबा घेऊन यायचे. एकदा मी तिथे असतानाच साहेबाच्या केबिनमधल्या फोनवर गावाहून फोन आला, काकाने तालुक्याच्या पोस्टातून आजीला बोलायला आणलं होतं. तुम्ही बोललात आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावलात. मी जी काय किंचाळले, "आजीईईई!" मशीनवरची माणसं वळून बघायला लागली, साहेब खुर्चीतून उठला. तुम्ही रिसीव्हरवर हात ठेवलात आणि म्हणालात, "माणूस लांब आसा, भैरो नाय. हळू बोल, मगे तो कान लावन ऐकतलो." एवढंच. पण सगळ्यांसमोर बोललात म्हणून मला असं रडू फुटलं की पुढे आजीशी धड बोलताच आलं नाही. मग तुम्ही माझ्या फ्रॉकच्या ओच्यात ओंजळभर रंगीत झाकणं टाकलीत, वाकड्यातिकड्या मालातली, आणि मी घरी येईपर्यंत ती वाजवत आले. आईला त्या दगडावर ओरडताना ऐकलं की दरवेळी वाटायचं, तुम्ही असता तर तिलाही सांगितलं असतंत. पण तिथे ओरडण्यावाचून इलाजच नव्हता.

आणि गेल्या पावसाळ्यात आई घाटीत पडली. तिने मला सांगितलं नाही! शेवाळावरून पाय गेला, किती वेळ तशीच पडून होती कोण जाणे, शेवटी शेजारची काकी गवत घेऊन येत होती तिने उठवून घरी नेलं. त्यानंतर थोडे दिवस फोन आला नाही, तर मला वाटलं पावसाने टॉवर गेला असेल. मग रोजचे फोन सुरू झाले, "बरी आसंय! जेवलंय!" मला कळलं ते गणपतीला गेल्यावर. काकी फुगडी घालून दमून बसली आणि सहज म्हणाली, "तुझी आवस घाटयेत पडली हुती. तुका सांगूक नाय?" माझ्या हातातला मोदक हातातच राहिला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आईला म्हटलं, "अगं, रोज फोन करून तू मला बरी आहे सांगत होतीस!" तर म्हणते कशी, "मगे? बरीच हुतंय. पडलंय तरी बरीच हुतंय."

दादाने तर तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. तुम्हाला त्याचा स्वभाव ठाऊक आहे, एकदा बोलला की बोलला. म्हणाला, "बास. पुढच्या गणपतीला हिला मी मुलुंडला घेऊन जातो, दाराला कुलूप. एकटी बाई, फोन करायला डोंगर चढावा लागतो, हे असलं आता नाही चालणार." आणि त्याचं चूक तरी काय होतं? आई उठून मागीलदारी गेली आणि अळूच्या पानांना उगाच पाणी घालत बसली. पावसाळ्यात, बाबा! भर पावसाळ्यात अळूला पाणी! मी मागून गेले तर म्हणाली, "मी हयसून हलूचंय नाय. माका तुमच्या बिल्डिंगीत जीव घुसमटता." आणि मग एकदम बारीक आवाजात, "पण तो नेतलोच मा?" मला इतकं वाईट वाटलं ना. मी म्हटलं, नाही नेणार. मी घरात रेंज आणते. दादालाही सांगितलं, चुलीपुढे बसून आई फोनवर बोलली तर आईला नेण्याचं नाव काढायचं नाही. तो म्हणाला, "कबूल. पण मी कुलूप घेऊन ठेवतो."

म्हणजे काम ठरलं. जुनी कंपनी सोडायची आणि जिची रेंज घरात पोचते तिच्याकडे जायचं. ऐकायला सोपं आहे. मुंबईत ज्याला त्याला विचारलं तर जो तो आपल्याच कंपनीची तारीफ करणार. ऑफिसातली एक म्हणाली, माझी घे, झकास आहे, मेट्रोत पण पिक्चर बघते मी. अगं पण मला मेट्रोत नकोय, मला माझ्या आईच्या चुलीपुढे हवीये! कंपन्यांचे नकाशे बघितले तर आपला गाव सगळ्यांच्याच नकाशात रंगवलेला. सगळीकडे फुल रेंज म्हणे. तेव्हा मी ठरवलं, तुमच्यासारखं करायचं. आपण जायचं, फोन धरायचा आणि बघायचं. आणि गणपतीत नाही, कारण तेव्हा अर्धी मुंबई तिथे उतरलेली असते आणि कुणाचाच फोन लागत नाही. गणपती आटोपून लोक परतल्यावर मी माझा फोन, लेकीचा फोन आणि तुमच्या जावयाचा फोन असे तीन कंपन्यांचे तीन फोन घेऊन गेले. जावई केवढा चिडला, "मी काय करू फोनशिवाय?" म्हटलं, विश्रांती कर.

तीन फोन हातात मावेनात म्हणून आईच्या सुपात ठेवले आणि सूप घेऊन घरभर फिरले. पडवी, ओटी, देवघर, माजघर. काकी दारात येऊन बघत उभी, म्हणाली, "फोन पाखडतंस काय गो?" हसून हसून आमची मुरकुंडी वळली. ओटीवर काही नाही. माजघरात काही नाही. माझ्या फोनची तर वाटच लागली होती, सरळ मेलेला. आणि स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या खिडकीत आई मिठाची बरणी ठेवते ना, तिथे सूप टेकवलं तर जावयाचा फोन एकदम टुण्ण! दोन दांड्या! मग तिसरी! मी बरणी बाजूला केली, फोन तिथे ठेवला आणि दादाला लावला. लागला की! मी काय बोलले असेन? "सापडली रे! रेंज सापडली!" बोलून गेले आणि मग मला कळलं मी कुणासारखी ओरडले ते. खाडीपलीकडे नवीन टॉवर उभा राहिलाय, त्याची ती रेंज. गंमत म्हणजे हीच ती कंपनी, जी अंधेरीला आमच्या बेडरूममध्ये धड चालत नाही म्हणून जावई सोडायला निघाला होता.

आणि इथे आई अडून बसली. मला वाटलं होतं नाचेल. तर म्हणाली, "नको. हाय तसाच रवांदे." मी म्हटलं नंबर बदलत नाही गं. म्हणाली, "ठावक आसा." मग काय? दोन दिवस विचारलं की कामात डोकं घालायची. शेवटी भाकरी थापता थापता बोलली. बाबा, तो नंबर अजून तुमच्या नावावर होता. तुम्ही घेतलात तेव्हापासून कुणी बदललाच नव्हता, आणि तो दुसऱ्या कंपनीत न्यायचा तर आधी आईच्या नावावर करून घ्यायला लागणार होता. आई म्हणाली, रेशनकार्डावरून नाव काढलं, लाइटच्या बिलावरून काढलं, घरपट्टीवरून काढलं, जमिनीवर पोरांची नावं चढली. सगळीकडून तुम्हाला काढून झालं. एक फोनची कंपनी तेवढी राहिली होती. तिचे मेसेज अजून तुमच्या नावाने येतात, आणि आई ते काकीच्या सुनेकडून वाचून घेते. सून वाचते, प्रिय अमुक अमुक, तुमची मुदत संपत आली आहे, आणि आई तेवढं "प्रिय" आणि तुमचं नाव ऐकून घेते, पुढचं तिला नको असतं. म्हणाली, "कंपनीक अजून सांगूक नाय मी, ते गेले म्हणान." आणि मी, तुमची शहाणी लेक, काय म्हणाले? म्हटलं, "आई, कॉम्प्युटरमधलं नुसतं नाव आहे ते. कॉम्प्युटरला काय माहीत बाबा कोण!" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप भाकरी उलटायला घेतली.

शेवटी ती तयार झाली ती माझ्यामुळे नाही, कुलपामुळे. सकाळी आपणहून नवी साडी नेसली, अबोलीचा वळेसर माळला आणि म्हणाली, "चल, खय जावचा ता." रिक्षाने तालुक्याला गेलो, जुन्या कंपनीच्या ऑफिसात. काउंटरवरची मुलगी गोड होती हो, पण घाईत होती. म्हणाली, "आजी, कस्टमर स्वतः आलेत का?" आई म्हणाली, "ते येवचे असते तर मी कित्याक इलंय असतंय गो?" मुलगी ओशाळली. मी तुमचा दाखला दिला, आईचं आधार दिलं. मुलीने विचारलं, पहिलं नाव? आईने सांगितलं. आडनाव? सांगितलं. मुलगी म्हणाली, झालं. आई म्हणाली, "मधला?" मुलगी म्हणाली, "मधलं नाव ऑप्शनल आहे, आजी. नाही टाकलं तरी चालतं."

बाबा, मी आईला इतकी वर्षं बघतेय, पण असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मोठा नाही. उलट एकदम खाली आलेला. म्हणाली, "तुका चलता. माका नाय चलत. नंबर तेंचो, आणि तेंकाच भायर काढतंस?" मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, टाक गं बाई, मधलं नाव टाक. तिने तुमचं नाव टाकलं आणि कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. आईला इंग्रजी वाचता येत नाही. "खयचा तेंचा?" मुलीने मधल्या शब्दावर पेन टेकवलं. आईने तिथे आपलं बोट ठेवलं, काचेवर, आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग म्हणाली, "हां. मधीच आसत." आणि बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर मलाच समजावत होती, "आदी नंबर तेंच्या नावाचो हुतो. आता माझ्या नावात ते आसत. मगे गेला काय?" मला तिला रिक्षातच मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारली. वळेसर चुरगळला म्हणून शिव्या पण खाल्ल्या.

नाव बदलल्यावर काही महिने थांबायला लागतं, तेवढे थांबलो. मग नव्या कंपनीकडे जायचं तर जुन्या फोनवरून एक मेसेज पाठवायचा असतो, त्याला उत्तर म्हणून एक कोड येतो. आता मेसेज पाठवायचा म्हणजे रेंज हवी, आणि रेंज दगडावर. म्हणजे घरात रेंज यावी म्हणून शेवटचं एकदा आईला घाटी चढायलाच लागली, काकीचा हात धरून. दगडावर जमलेल्या सगळ्यांनी मिळून तो कोड वाचला, मला मोठ्यांदा ओरडून सांगितला आणि वर बजावलं की हा कोड कुणाला सांगू नकोस हां! मी इकडे लोळले हसून. दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीचा माणूस मोटरसायकलवरून घरी आला. त्याला त्याच मिठाच्या बरणीच्या खिडकीत उभं केलं, आणि तिथे त्याचं सगळं काम बिनबोभाट झालं. फक्त फोटो काढताना तो आईला म्हणाला, "आजी, डोळे मिचकावा." जिवंत माणूस आहे हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून तसं करायला लावतात. आई म्हणाली, "मेल्या, ह्या वयात?" हे मला काकीने दगडावरून सांगितलं, साऱ्या सड्याला ऐकू जाईल अशा आवाजात. नवं सिम त्याने फोनमध्ये घालून दिलं आणि आजची तारीख सांगून गेला.

थांबा. बाबा, वाजला!

आता परत लिहायला बसलेय. घाईत लिहितेय, अक्षर बघू नका. फोन आला! मी उचलला आणि आईने सवयीने सुरू केलं, "हॅलो! बरी आसंय! जेवूचा आसा! तू जेवलंस?" कान फुटायची वेळ आली. मी म्हटलं, "आई, कुठून बोलतेस?" म्हणाली, "चुलीकडसून!" आणि माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही, मी म्हटलं, "मगे हळू बोल. माणूस लांब आसा, भैरो नाय."

तिकडे आता वारा नाही, दुबई नाही, डोंबिवली नाही. चुलीवर भात शिजत होता, तो मला ऐकू येत होता. मग आई हसली. ते हसू मी कितीतरी वर्षांत फोनवर ऐकलेलं नाही. "तुझो बापूस असांच म्हणायचो," म्हणाली. आणि मग ती बोलायला लागली, बाबा, तिच्या खऱ्या आवाजात, माझ्या वेण्या घालताना बोलायची ना, त्या आवाजात. गुडघा दुखतो म्हणाली. पडल्यापासून न्हाणीत जाताना भिंत धरावी लागते म्हणाली. रात्री पंख्याचा आवाज आला तरी दचकायला होतं म्हणाली, आणि लगेच, "पण मुंबैक येवचंय नाय हां मी! सांगूक बरा वाटला म्हणान सांगलंय." मी म्हटलं, नाही आणणार गं, तू फक्त सांगत जा. मी रडत होते आणि मला इतका आनंद झाला होता की तुम्हाला काय सांगू. मग ती म्हणाली, "थांब, भात लागतलो," आणि फोन खिडकीत ठेवून गेली. बंद करायला विसरली. मी कापला नाही. बांगड्या वाजल्या, पळी वाजली, ती मांजराला शुक शुक करत होती, मग कसलंसं गाणं गुणगुणायला लागली. मी सगळं ऐकलं. दादाला लगेच कळवलं की कुलूप दुकानात परत देऊन ये. तो म्हणाला, "घेतलंच नव्हतं गं." तुमचा मुलगा आहे शेवटी.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पत्ता नाही. नंबर आहे तुमचा, पण त्यावर आई उचलते. तरी एक सांगून टाकते आणि उठते, कारण हे आईलाही सांगितलेलं नाही. तिला मी कॉम्प्युटरमधलं नुसतं नाव म्हणून हिणवलं, आणि तेव्हा माझ्या कमरेला खोचलेल्या फोनमध्ये हा नंबर "बाबा" ह्याच नावाने होता. तुम्ही घेतलात त्या दिवशी घातलेलं नाव. तुमच्यामागे फोन किती बदलले, पण दर नव्या फोनमध्ये ते नाव तसंच आणलं. रोज संध्याकाळी स्क्रीनवर "बाबा" येतं, मी उचलते, आणि आई बोलते. आत्ताही तेच आलं. ते मी बदलणार नाहीये.